चार बोटांचा पट्टा

शिंपीणमावशींच्या ओसरीवर एकच प्रश्न विचारायला मनाई होती. "कितवा महिना?" हा तो प्रश्न. बाकी काय वाटेल ते बोला. सासूच्या कागाळ्या सांगा, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडा, मावशींचा पाय मशीनवर चालूच राहायचा. पण कुणी दुसरीच्या पोटाकडे बघून हा प्रश्न विचारला की मशीन थांबायचं. एकदा एका अडत्याच्या बायकोनं बाजाराला आलेल्या खेड्यातल्या बाईला असंच हसत हसत विचारलं. ती बिचारी मान खाली घालून म्हणाली, "न्हाय वो, धाकटं दोन वर्साचं झालं." मावशींनी त्या अडतीणबाईचा खण घडी घालून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "जावा घेऊन. बाईचं तोंड वर असतंय, तुमी पोटाशी बोलायलाव. तुमचं म्या शिवत न्हाय." बाई रागारागानं गेली. पुढच्या बाजाराला त्याच खणाची चोळी घेऊन परत आली, कारण दुसऱ्यानं बाही वाकडी बसवली होती.

मावशींचं घर कळंबच्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्याच्या बाजारामागच्या, गल्लीत होतं. निजामाच्या अमदानीत त्यांचे मालक अंमलदारांच्या शेरवान्या शिवत. विलीनीकरणानंतर शेरवान्या उतरल्या आणि तीच माणसं बंद गळ्याच्या कोटात हिंडू लागली. ते कोटही मालकांनीच शिवले आणि मग एका उन्हाळ्यात ते वारले. मशीन मावशींच्या पायाखाली आलं. त्यांनी पुरुषांचं एकही काम घेतलं नाही. "बाप्यांचं शिवणारे लई हायत," म्हणायच्या, "बायांचं कोण बघतंय?" ओसरीला त्यांनी पोत्याचा पडदा लावला. त्या पडद्याआड बोललेलं बाहेर जायचं नाही, हा दुसरा नियम. तो त्यांनी कुणाला कधी बोलून दाखवला नाही, पण सगळ्या बायकांना ठाऊक होता.

त्यांची स्वतःची नऊ बाळंतपणं झालेली, त्यातली पाच मुलं जगली. बसल्या की पोट मांडीवर यायचं, आणि त्या खुशाल त्यावर खडू आणि कात्री ठेवायच्या. कुणी नवखी टकमक बघू लागली की पोटावर थाप मारून म्हणायच्या, "नऊजण राहून गेले हितं. जाताना कुणी घर सारवून जातंय व्हय?"

माप त्या टेपानं घेत नसत. टेप होता, पण भिंतीवर खिळ्याला टांगलेला. टेपावर आकडे असतात आणि आकडा कळला की बायका तो दुसरीच्या आकड्याशी लावून बघतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या मागं उभं राहून वितीनं आणि बोटांनी माप घ्यायच्या. हात लागला की आपण नकळत पोट आत ओढतो. मावशी थांबायच्या. "सोडा बाई. जे हाय त्याचंच माप घेती म्या. दम धरून किती दिवस ऱ्हाणार?" मी पहिल्यांदा पोट सोडलं तेव्हा मला रडू फुटलं होतं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आमचे हे तहसिलीत कारकून होते. तिसरं मूल झालं आणि माझं पोट काही जागेवर आलं नाही. सासूबाईंनी चाळीस दिवस धोतराचे पट्टे करकचून बांधले होते, शेक दिले होते, डिंकाचे लाडू खाऊ घातले होते. तरी पोट लोंबलं ते लोंबलंच. मग जो तो कारण शोधायला लागला. सासूबाई म्हणाल्या, तू लवकर वाकलीस. जाऊ म्हणाली, तुम्ही पाणी फार प्यालात. शेजारीण म्हणाली, शाळेत उभं राहून राहून असं होतं. थोडक्यात काय, मूल सगळ्यांचं आणि पोट तेवढं माझ्या चुकीचं. बेंबीखाली कातडीची घडी पडायची, उन्हाळ्यात तिच्यात घामोळं उठायचं, शिंकलं की आतलं सगळं खाली ओघळेल असं वाटायचं. हे मी कुणाला सांगणार होते? ह्यांना एकदा सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "चालायचंच." चालत मी होते, ह्यांचं काय जात होतं!

तरी नऊवारी होती तोवर निभावलं. ओच्याच्या घोळात बाईचं सगळं खपून जातं. पण आमच्या संस्थेच्या चिटणिसांना सुधारणेची हुक्की आली. शहरातल्या शाळा बघून आल्यावर त्यांनी फर्मान काढलं की शिक्षिकांनी गोल पातळ नेसावं, नऊवारी मागासलेली दिसते. पाच वार पातळ, आत परकर, वर झंपर. परकराची नाडी सुतळीसारखी पोटात रुतायची, संध्याकाळी सोडली की लाल वळ दिसायचा आणि पोट नाडीच्या वरून बाहेर यायचं. फळ्यावर लिहायला हात वर केला की मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरं मारायच्या. ज्या माणसाला जन्मात कधी परकर नेसावा लागणार नाही त्यानं ठरवायचं आणि आम्ही गुमान नेसायचं. आज इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं भणभणतं.

त्या वळावर मावशींनी बोट फिरवलं आणि परकराची नाडी काढून फेकूनच दिली. जाड मांजरपाटाचा चार बोटं रुंद पट्टा कापला, तो दुहेरी केला, पुढून किंचित खोलगट बेतला आणि बाजूला तीन हूक लावले. पोट त्यात अलगद बसायचं, तान्ह्या पोराच्या कुल्ल्याखाली हात धरावा तसं. त्याखाली परकराचा घेर जोडला. झंपर दोन बोटं लांब केला. तो परकर नेसून मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. पाठ दुखली नाही. माझी हाव वाढली. मी म्हटलं, "मावशी, आणखी आवळता येईल का? पोट दिसणारच नाही असा?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "म्या पोट सांभाळायला शिवते, गायब करायला न्हाय."

माझ्या आवळण्याला कारण होतं. शाळेत आम्ही दोघी हंगामी होतो, मी आणि कुसुम. त्या वर्षी जागा एकच कायम होणार होती. कुसुम नुकतीच लग्न झालेली, माकणीची सून. नवरा अजून शिकत होता, घर तिच्या पगारावर चालायचं. माझं घरही माझ्या पगाराशिवाय चालत नव्हतं. संस्थेत कागदावर नसलेला एक नियम होता. दिवस गेलेल्या बाईला कायम करायचं नाही, तिला बाळंतपणाला म्हणून घरी पाठवायचं आणि परत बोलवायचंच नाही. आमच्या आधी दोन शिक्षिका तशाच गेल्या होत्या.

एका दुपारी मी मावशींकडे गेले तर पडद्याआड कुसुम उभी होती. मावशी तिच्या झंपराच्या शिवणी उसवत होत्या आणि पातळाच्या निऱ्या कुठून कशा सोडायच्या म्हणजे पुढून सपाट दिसतं ते शिकवत होत्या. कुसुमनं मला बघितलं आणि पदर ओढून घेतला. ती गेल्यावर मी फणकारले, "मला नाही म्हणालात आणि तिचं लपवून देताय!"

मावशी दातानं दोरा तोडत म्हणाल्या, "तुमाला काय लपवायचं हाय? तिला हाय."

आणि मग ते हिरव्या खणाचं प्रकरण झालं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फार मायाळू. माझी आई लहानपणीच गेलेली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझं पोट बघितलं आणि ठरवून टाकलं की मला पुन्हा दिवस गेले आहेत. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात, चारचौघांत सांगायच्या आधी, माहेरची माणसं गुपचूप हिरव्या खणाची चोरचोळी देतात. मला माहेर नाही म्हणून ती आपण द्यावी असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी खण घेतला आणि मावशींकडे शिवायला पाठवला. इथवर ठीक होतं. पण त्याच मायेपोटी त्या चिटणिसांनाही सांगून आल्या की बाईंच्या बाळंतपणात बदली शिक्षिकेची सोय आत्ताच बघून ठेवा. मला कुणीच काही विचारलं नाही. माझं पोट सगळ्यांशी परस्पर बोलत होतं.

मधल्या सुट्टीत मी जेवायला घरी आले होते, तेव्हा भर दुपारी मावशी तो खण घेऊन आल्या. त्या कधी कुणाच्या घरी जात नसत. खण जात्याजवळ ठेवला आणि उंबऱ्यावरच बसल्या. "बाई, जल्मात कुणाला इचारलं न्हाय ते माज्या तोंडानं इचारावं लागायलंय. तुमाला दिवस हायत का?"

"नाहीत," मी म्हटलं, "तुम्हीच तर माप घेता."

"मंग चला. खण आणणारा शिपाई म्हणला, चिटणीस शाळंत आलाय, त्याच्या कानावर गेलंय. आजच काय ते बोला."

मी तशीच निघाले. चिटणीस मोठ्या बाईंच्या खोलीत बसले होते, मोठ्या बाई बाजूला उभ्या. मी म्हटलं, मला दिवस नाहीत, हे पोट मागच्या बाळंतपणाचं आहे. चिटणीस माझ्याकडे न बघता कागदपत्रं चाळत म्हणाले, "तसं डॉक्टरांचं लिहून आणा. दिसतंय ते दिसतंय." भर खोलीत मला वाटलं, पातळ फेडून दाखवावं की काय ह्या माणसाला!

मावशी दारात होत्या. मी वळून म्हटलं, "मावशी, तुम्हीच सांगा ह्यांना." त्या आत आल्या. "सायेब, माज्या मालकानं तुमची शेरवानी शिवली, मंग कोट शिवले. दर साली पुढून दोन बोटं कापड जास्त सोडलं. गावात कुणाला सांगितलं का? शिंप्याला माणसाचं अंग ठावं असतंय, ते बाहेर काढायचं नसतंय. आज पयल्यांदा सांगते, बाईनी सांगा म्हणलं म्हणून. ह्या बाईला दिवस न्हाईत."

चिटणिसांचा चेहरा पडला. पण असा माणूस पडून राहत नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं. म्हणजे या शाळेत दिवस गेलेलं कुणीच नाही म्हणायचं? मग चोरचोळीची कुजबुज उठली कुठून?" आणि मावशींकडे रोखून बघितलं. त्यांच्या तोंडातून अक्षर निघणार नव्हतं, हे मला दिसत होतं. आणि मी बोलले. "मला नाहीत. कुसुमला आहेत."

झालं. चार शब्दांत झालं. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मावशींनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्या वळल्या आणि चालू लागल्या.

महिना संपायच्या आत कुसुमला निरोपाचा कागद मिळाला आणि माझ्या हातात कायमचा हुकूम आला. मी स्वतःला समजावलं, कधीतरी कळणारच होतं, लपून किती दिवस राहिलं असतं? माझ्या तीन मुलांचं काय? अशी बरीच कारणं मला सुचली. कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे घेऊन मी मावशींकडे गेले. मावशींचा पाय मशीनवर चालू होता.

"मावशी, कायम झाले."

"पोट रिकामं निघालं म्हणून झालीस," त्या म्हणाल्या. "भरलं असतं तर तुज्या जागी ती झाली असती. त्यानं दोघींना एकाच तराजूत घातलं आन तू तिला उतरवून वर बसलीस. ठेव ते पेढे, माज्या दाताला सोसत न्हाईत." आजवर त्या मला 'तुमी' म्हणत होत्या. त्या दिवसापासून 'तू' झालं, आणि त्या 'तू'त माया नव्हती. शिवणं मात्र त्यांनी बंद केलं नाही. माझे परकर वेळेवर शिवून मिळायचे, चार बोटांच्या पट्ट्यासकट. फक्त बोलणं संपलं.

त्यानंतरच्या वर्षात मावशींच्या ओसरीवर गर्दी कमी होत गेली. आधी शाळेतल्या बायका यायच्या थांबल्या, मग मोंढ्यातल्या, मग खेड्यातल्या लेकी-सुनाही पुढच्या गल्लीतल्या नव्या शिंप्याकडे जाऊ लागल्या. मला वाटलं, नवी फॅशन आली, मावशींची नजर मंदावली. त्यांना कधी विचारलं नाही. मला माझंच टोचत होतं. शेवटी वर्षभरानं मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. माफ करा."

मशीन थांबलं नाही. "माजी कशाला माफी मागायलीस? धाराशिवहून माकणीला मोटार जाती."

त्या रविवारी मी माकणीला गेले. कुसुम चुलीपुढं होती, मुलगी भिंतीला धरून उभी राहत होती. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. तिचंही पोट बाळंतपणानंतर उतरलं नव्हतं आणि नाडीच्या वर आलेलं ते पदराखाली ती पुन्हा पुन्हा झाकत होती. मी येताना तिच्यासाठी काही शिवून आणायला हवं होतं. ते सुचलं नव्हतं. मी सांगून टाकलं. त्या दिवशी खोलीत काय झालं, कोण बोललं, सगळं. चुलीतलं लाकूड पुढं आलं होतं, ते तिनं सारलं नाही.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मला वाटलं, मावशींनी सांगितलं. त्याच दिवशी त्या चिटणिसांसमोर गेल्या होत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं. निघताना मी घरोघर जाऊन सांगितलं हो, त्या बाईच्या ओसरीवर पाय ठेवू नका, ती पोटातलं बाहेर नेते. त्यांच्या तोंडावर सुद्धा बोलले मी, भर रस्त्यात. त्या काहीच बोलल्या नाहीत."

परतीच्या मोटारीत मी सबंध वाट खिडकीचा गज धरून बसले होते. मावशींनी एक शब्द उच्चारला असता तर त्यांची ओसरी वाचली असती. पण तो शब्द त्या खोलीतला होता आणि माझ्याविषयी होता.

संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू असतं. मोंढ्यातल्या, तहसिलीतल्या, शाळेतल्या सगळ्या बायका येतात. तिळगूळ वाटून झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "कुसुमचं मी सांगितलं होतं. मावशींनी नाही." आणखी काही बोलायचं घोकून आले होते, ते आठवलं नाही. कुणीतरी ताटली खाली ठेवली तिचा आवाज झाला. मोठ्या बाई उठून निघून गेल्या. दोन-तीन बायका पुढं पुष्कळ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

मी तिथून थेट मोंढ्यामागच्या गल्लीत गेले आणि मावशींना सांगितलं. ओसरीवर एकटं मशीन होतं आणि मावशी नुसत्या बसल्या होत्या, शिवायला समोर काही नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सांगितलंस व्हय? बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पर लई उशीर केलास, पोरी. कालच मशीन इकत घेणारं गिऱ्हाईक येऊन बयाना देऊन गेलं."